ऱ्होन नदीचे वरचे खोरे

युरोपातील आल्प्स पर्वताच्या ज्या भागात उंच शिखरांची सर्वाधिक दाटी आहे, त्याच भागातून ऱ्होन नदी वाहत येते. पुढे ती फ्रान्समधून दक्षिणेकडे जाऊन भूमध्य समुद्रास मिळते. तिची एकूण लांबी सुमारे ८१० किलोमीटर आहे. उगमापासून जिनीव्हा सरोवरापर्यंतचे तिचे सुमारे १६५ किलोमीटर लांबीचे खोरे स्वित्झर्लंड देशात असून त्यास व्हाले असे म्हणतात. 'दरी' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव पडले आहे. व्हाले हे स्विस संघराज्याचे एक घटकराज्यही आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५,२२४ चौरस किलोमीटर आहे. एका नदीचे खोरे आणि एक राज्य यांच्या सीमा इतक्या जुळून याव्यात, असे उदाहरण क्वचितच आढळते.

या खोऱ्यात पाणी तीन रूपांनी माणसासमोर उभे राहते. शिखरांवर ते बर्फ होऊन साठलेले असते, उतारांवरील शेतांना ते पुरत नाही आणि दरीच्या तळाशी मात्र ते अति होते. तेथील लोकांचा बहुतेक इतिहास म्हणजे या तिन्ही रूपांशी त्यांनी केलेल्या व्यवहाराचा इतिहास होय.

नदीचा मार्ग

फुर्का खिंडीजवळ ऱ्होन हिमनदी आहे. तिच्या टोकाशी वितळणाऱ्या बर्फातून ऱ्होन नदी जन्म पावते. उगमस्थान समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे. तेथून नदी वेगाने उतरत गोम्स नावाच्या अरुंद दरीतून ब्रिग या गावी येते. ब्रिगची उंची सुमारे ६८० मीटर आहे. यापुढे दरीचा तळ रुंद आणि सपाट होतो व नदी संथ होऊन फिस्प, सिएर व सिओं या गावांवरून नैर्ऋत्येकडे वाहते. सिओं ही व्हालेची राजधानी आहे.

मार्तिन्यी या गावी नदीच्या प्रवाहात एक विलक्षण बदल घडतो. तेथे तिला डाव्या बाजूने द्रांस नदी मिळते आणि ऱ्होन जवळजवळ काटकोनात वळून वायव्येकडे जाऊ लागते. त्यानंतर मोठे पर्वत भेदून ती जिनीव्हा सरोवरात प्रवेश करते. सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून ३७२ मीटर आहे. सरोवरात शिरणारे नदीचे पाणी हिमनद्यांनी दळलेल्या खडकाच्या पिठामुळे गढूळ व राखी दिसते. हा गाळ सरोवरात खाली बसतो आणि पलीकडच्या टोकाशी, जिनीव्हा शहराजवळ, तीच नदी स्वच्छ निळसर पाणी घेऊन बाहेर पडते.

खोऱ्याच्या दक्षिणेस पेनाइन आल्प्सची रांग आहे. तीत ४,६३४ मीटर उंचीचे ड्यूफुरश्पित्से आणि ४,४७८ मीटर उंचीचे मॅटरहॉर्न ही शिखरे आहेत. उत्तरेस बर्नीज आल्प्सची रांग आहे. या रांगेच्या दक्षिण उतारावर आल्प्समधील सर्वांत मोठी हिमनदी, आलेच, पसरली असून तिची लांबी सुमारे २० किलोमीटर आहे. दोन्ही बाजूंस अशा भिंती असल्यामुळे पावसाचे ढग शिखरांवरच रिकामे होतात आणि दरीच्या तळाशी कोरडेपणा राहतो. शिखरांच्या भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक वृष्टी होते, तर सिओं येथे ती सुमारे ६०० मिलिमीटर एवढीच असते. त्यातच फॉन नावाचा उष्ण व शुष्क वारा डोंगर ओलांडून दरीत उतरतो. त्यामुळे हिमनद्यांपासून थोड्याच अंतरावर द्राक्षांचे मळे व जर्दाळूच्या बागा पाहावयास मिळतात. स्वित्झर्लंडमधील द्राक्षमळ्यांपैकी सुमारे एकतृतीयांश क्षेत्र एकट्या व्हालेमध्ये आहे.

डोंगरावरील पाट

इतक्या कोरड्या हवेत उन्हाळ्यातील गवत आणि पिके जगवावयाची, तर पाणी कोठून तरी आणणे भाग होते. पाणी जवळच होते, परंतु ते खोल घळींत वाहत असे. शेते मात्र उंच उतारांवर होती. म्हणून लोकांनी ओढ्याच्या वरच्या अंगास, हिमनदीच्या पायथ्याशी पाणी अडवून ते अगदी मंद उताराच्या पाटांनी डोंगराच्या कडेकडेने शेतांपर्यंत नेले. फ्रेंच बोलणारे लोक या पाटांना 'बिस' म्हणतात, तर जर्मन बोलणारे 'सुओने' म्हणतात. असे पाट तेराव्या शतकापासून खोदले जात होते. पंधराव्या शतकात त्यांची विशेष वाढ झाली.

जेथे उभा कडा आडवा येई, तेथे खडकात भोके पाडून त्यांत तुळया ठोकीत आणि त्यांवर लाकडी पन्हळ टांगीत. या पन्हळींची दुरुस्ती करणे अत्यंत धोक्याचे काम असे. पाटावर लक्ष ठेवण्यासाठी नेमलेला पाटकरी रोज पाटाच्या कडेने फिरत असे. काही ठिकाणी पाटात एक लहान पाणचक्र बसवीत. पाणी वाहत असेपर्यंत ते फिरे आणि त्याला जोडलेला हातोडा फळीवर ठोके देत राही. ठोके थांबले, की पाट कोठेतरी फुटला किंवा तुंबला, हे दूरवर कळत असे.

पाण्याची वाटणीही काटेकोर होती. कोणत्या कुटुंबास कोणत्या दिवशी किती वेळ पाणी मिळावयाचे, हे ठरलेले असे आणि हे हक्क लाकडाच्या कांड्यांवर खुणा कोरून नोंदविले जात. पाटाची डागडुजी सर्व भागधारकांनी मिळून करावयाची असे. व्हालेमधील ग्रामव्यवस्थेची शिस्त अशा सामाईक कामांतून घडत गेली. यांपैकी कित्येक पाट आजही वाहतात. स्वित्झर्लंडसह युरोपातील सात देशांच्या पारंपरिक सिंचनविद्येची युनेस्कोने २०२३ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली.

खिंडींचा इतिहास

व्हालेला राजकीय महत्त्व आले, ते तेथील खिंडींमुळे. इटलीतून उत्तरेकडे जाणारा एक प्राचीन मार्ग २,४६९ मीटर उंचीच्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतून द्रांसच्या खोऱ्यात उतरतो आणि मार्तिन्यीला पोहोचतो. इ. स. पूर्व ५७ साली जूलियस सीझरने हा मार्ग मोकळा करण्यासाठी गाल्बा या आपल्या अधिकाऱ्यास सैन्यासह तेथे पाठविले. त्या वेळी मार्तिन्यीचे नाव ऑक्टोडुरस असे होते. स्थानिक जमातींनी रोमन छावणीवर हल्ला केला. गाल्बाने तो परतविला खरा, पण तेथे हिवाळा काढण्याचा बेत सोडून तो माघारी गेला. पुढे इ. स. पहिल्या शतकात सम्राट क्लॉडियसच्या कारकीर्दीत रोमनांनी तेथे नवे नगर वसविले आणि खिंडीतील रस्ता बांधला.

अकराव्या शतकाच्या मध्यास संत बर्नार्ड याने खिंडीच्या माथ्यावर प्रवाशांसाठी एक आश्रयस्थान स्थापिले. हिमवादळात सापडलेल्या वाटसरूंना वाचविणारे तेथील धर्मसेवक आणि त्यांचे मोठे कुत्रे पुढे जगप्रसिद्ध झाले. १८०० सालच्या मे महिन्यात नेपोलियनने सुमारे ४०,००० सैनिकांसह हीच खिंड ओलांडून इटलीत प्रवेश केला. तोफा वाहून नेताना झालेल्या हालांवरून त्याने धडा घेतला आणि सिंप्लॉन खिंडीतून तोफा नेता येतील असा रस्ता बांधविला. तो १८०५ साली पूर्ण झाला.

खोऱ्याच्या वरच्या भागात जर्मन आणि खालच्या भागात फ्रेंच भाषा बोलली जाते. त्यांची सीमा सिएरजवळ आहे. १४७५ साली वरच्या भागातील लोकांनी साव्हॉयच्या सैन्याचा पराभव केला आणि त्यानंतर खालचा भाग जिंकून घेतला. १७९८ पर्यंत तो त्यांच्या अंमलाखाली होता. १८१० ते १८१३ या काळात व्हाले फ्रान्सचा एक जिल्हा होऊन राहिले आणि १८१५ साली ते स्विस संघराज्यात सामील झाले.

१८१८ ची आपत्ती

व्हाले स्विस संघराज्यात आले, त्याच वर्षी एप्रिल महिन्यात हजारो किलोमीटर दूर, इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. त्याची धूळ व वायू वातावरणात उंच पसरल्याने १८१६ साली युरोपात उन्हाळा जवळजवळ झालाच नाही. थंडीचा मुक्काम लांबला, बर्फ वितळेना आणि आल्प्समधील हिमनद्या पुढे सरकू लागल्या.

द्रांस नदीची एक शाखा बान्य नावाच्या दरीतून वाहते. या दरीच्या उजव्या बाजूस उंच कड्यावर जेत्रो ही हिमनदी आहे. कड्यावरून तिचे हिमखंड खाली दरीत कोसळत आणि त्यांचा शंकूच्या आकाराचा ढीग साचे. पूर्वी उन्हाळ्यात तो वितळून जाई. या थंड वर्षांत मात्र ढीग वाढतच गेला आणि त्याने नदीचे पात्र आडवले. १८१८ च्या वसंत ऋतूत बर्फाच्या या बांधामागे दोन किलोमीटरांहून लांब सरोवर तयार झाले. बांध फुटला तर काय होईल, याबद्दल कोणास शंका नव्हती. १५९५ साली याच ठिकाणाहून आलेल्या पुराने दरीचा विध्वंस केला होता.

राज्याचा अभियंता इग्नाझ व्हेनेट्झ याच्यावर उपाय योजण्याची जबाबदारी आली. त्याने बर्फाच्या बांधातून एक बोगदा खोदण्याचे ठरविले. पाणी बोगद्याच्या तोंडाशी चढले, की ते आपोआप बाहेर वाहू लागेल, वाहताना बोगद्याचा तळ झिजवील आणि अशा रीतीने सरोवर हळूहळू रिकामे होईल, अशी त्याची कल्पना होती. मे महिन्यात काम सुरू झाले. डोक्यावर हिमखंड कोसळण्याची भीती असताना, गारठ्यात आणि ओलीत मजुरांनी पाळीपाळीने सुमारे दोनशे मीटर लांबीचा बोगदा खोदला. १३ जूनच्या रात्री त्यातून पाणी वाहू लागले आणि सरोवराची पातळी उतरू लागली.

व्हेनेट्झचे गणित बरोबर होते. परंतु बोगद्यातून बाहेर पडणारे पाणी बांधाच्या पुढच्या बाजूवर धबधब्यासारखे आदळत होते. त्याने बर्फाचा पाया आणि त्याखालचा दगडगोटा पोखरून काढला. १६ जून रोजी दुपारी साडेचारच्या सुमारास बांध फुटला आणि उरलेले दीड ते दोन कोटी घनमीटर पाणी सुमारे अर्ध्या तासात बाहेर पडले. घरे, पूल, झाडे व प्रचंड शिळा यांसह हा लोंढा दीड तासात मार्तिन्यीला पोहोचला आणि रात्री अकराच्या सुमारास जिनीव्हा सरोवरास मिळाला. सुमारे चाळीस माणसे मृत्युमुखी पडली. बोगद्यामुळे सरोवरातील बरेच पाणी आधीच निघून गेले होते; ते निघाले नसते, तर हानी कितीतरी मोठी झाली असती. पुढील वर्षांत तेथे पुन्हा बर्फ साचू लागले, तेव्हा व्हेनेट्झने उन्हात थोडेसे कोमट झालेले ओढ्याचे पाणी लाकडी पन्हळींनी बर्फावर सोडले आणि करवतीने कापावे त्याप्रमाणे बर्फ कापून काढले.

हिमयुगाचा शोध

बान्य दरीतील लूर्तिए गावी झाँ-प्येर पेरोदँ नावाचा एक सुतार राहत असे. तो रानबकऱ्यांची शिकारही करी. डोंगरांत हिंडताना त्याने दोन गोष्टी पाहिल्या होत्या. दरीच्या उतारांवर, आसपासच्या खडकाशी काहीही नाते नसलेले मोठे शिलाखंड पडलेले होते. तसेच हिमनदीपासून दूर असलेल्या खडकांवर एकाच दिशेचे ओरखडे होते आणि ते हिमनदीच्या पोटाखालून नुकत्याच उघड्या पडलेल्या खडकांवरील ओरखड्यांसारखेच होते. यावरून त्याने असा निष्कर्ष काढला, की एके काळी ही सारी दरी मार्तिन्यीपर्यंत बर्फाने भरलेली असली पाहिजे.

१८१५ साली मिठाच्या खाणींचा संचालक झाँ द शार्पांतिए हा एका रात्री पेरोदँच्या घरी मुक्कामास होता. पेरोदँने त्याला हा विचार सांगितला. शार्पांतिएला तो विचार करण्यासही योग्य वाटला नाही. हे शिलाखंड प्राचीन महापुराने वाहून आणले, असे त्या काळचे बहुतेक विद्वान मानीत असत. व्हेनेट्झने मात्र पेरोदँचे म्हणणे मनावर घेतले. १८२१ साली त्याने हिमनद्यांच्या जुन्या विस्ताराविषयी एक निबंध सादर केला आणि १८२९ साली ग्रेट सेंट बर्नार्डच्या आश्रयस्थानात भरलेल्या स्विस निसर्गशास्त्रज्ञांच्या सभेत, एके काळी हिमनद्या आल्प्स सोडून थेट ज्युरा पर्वतापर्यंत पसरल्या होत्या, असे प्रतिपादन केले. आपल्या मित्राचे म्हणणे खोडून काढण्याच्या हेतूने शार्पांतिएने पुरावे तपासण्यास सुरुवात केली आणि ते तपासता तपासता तो स्वतःच त्या मताचा झाला. १८३४ साली त्याने ते मत विद्वानांपुढे मांडले. १८३६ च्या उन्हाळ्यात लुई अ‍ॅगासिझ त्याच्याकडे आला. तोही प्रथम साशंक होता. पण प्रत्यक्ष पाहणीनंतर त्याची खात्री पटली. १८३७ साली न्यूशातेल येथील भाषणात आणि १८४० सालच्या ग्रंथात त्याने हिमयुगाची कल्पना जगापुढे ठेवली.

आज असे निश्चित झाले आहे, की हिमयुगात ऱ्होन हिमनदीने हे सर्व खोरे भरून टाकले होते आणि तिचे टोक एके काळी फ्रान्समधील लियाँ शहराच्या परिसरापर्यंत गेले होते. खोऱ्याचा 'यू' अक्षरासारखा आकार, उपनद्यांच्या लोंबत्या दऱ्या आणि तळाशी शेकडो मीटर जाडीचा गाळ ही सर्व त्या बर्फाने केलेल्या कोरीव कामाची फळे होत. माँते गावाजवळ असलेला सुमारे १,८०० घनमीटरांचा ग्रॅनाइटचा शिलाखंड माँ ब्लांच्या बाजूच्या डोंगरातून हिमनदीने तेथवर आणलेला आहे.

बांध आणि धरणे

दरीच्या तळाशी ऱ्होन पूर्वी अनेक फाट्यांनी वाहत असे. आजूबाजूस दलदल होती आणि हिवतापाचा उपद्रवही होता. १८६० सालच्या मोठ्या पुरानंतर १८६३ पासून नदीला दोन्ही बाजूंनी बांध घालण्याचे काम हाती घेण्यात आले. १९३० ते १९६० या काळात हे बांध पुन्हा वाढविले गेले. दलदलीच्या जागी फळबागा, गावे व कारखाने उभे राहिले. तथापि बांधांमध्ये जखडलेल्या नदीला पुराच्या वेळी पसरण्यास जागा उरली नाही. १९८७, १९९३ व २००० साली मोठे पूर आले आणि २०२४ च्या जून महिन्यात सिएर व शिपी येथे पाणी पुन्हा बाहेर आले. म्हणून बांध अधिक उंच करण्याऐवजी नदीचे पात्र रुंद करण्याची योजना आखण्यात आली. ब्रिग येथे १९९३ च्या पुरात पुलाशी दगडगोटा तुंबून पाणी गावात शिरले होते. तेथे आता पुराच्या वेळी वर उचलला जाणारा पूल बांधला आहे.

विसाव्या शतकात बर्फाच्या पाण्यापासून वीज निर्माण होऊ लागली. १९६१ साली पूर्ण झालेल्या ग्रांद दिक्साँस धरणाची उंची २८५ मीटर आहे. सुमारे शंभर किलोमीटर लांबीच्या बोगद्यांतून पस्तीस हिमनद्यांचे पाणी तेथे गोळा होते. बान्य दरीत, १८१८ साली ज्या भागात बर्फाचा बांध होता, तेथेच १९५०–६० या दशकात मोव्हाझँचे कमानी धरण उभे राहिले. १९९१ पासून त्याची उंची २५० मीटर आहे. जेत्रो हिमनदीतून मोठा हिमखंड या जलाशयात कोसळू शकेल, हे ओळखून तिची हालचाल अनेक वर्षे मोजली जात आहे. अशा दक्षतेचे मोल किती आहे, हे ३० ऑगस्ट १९६५ रोजी दिसून आले. त्या दिवशी मात्मार्क धरणाच्या बांधकामावर आलालीन हिमनदीचा एक भाग कोसळला आणि ८८ कामगार मरण पावले.

मोजमापाचे महत्त्व

ऱ्होन हिमनदीची पद्धतशीर मोजणी १८७४ साली सुरू झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ही हिमनदी एक किलोमीटरहून अधिक मागे हटली आहे. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांतच स्वित्झर्लंडमधील हिमनद्यांचे सुमारे दहा टक्के बर्फ नाहीसे झाले. तापमान वाढले म्हणजे बर्फ वितळते, एवढ्यावरच परिणाम थांबत नाही. उंच कड्यांच्या भेगांत बर्फ गोठून राहिलेले असते आणि तेच खडकाला बांधून ठेवते. ते वितळले, की कडे ढासळतात.

ऱ्होनच्या उजव्या बाजूस लोन्झा नदीची लोएच दरी आहे. तेथील ब्लाटेन गावावरचा डोंगर हलू लागल्याचे २०२५ च्या मे महिन्यात निरीक्षकांच्या लक्षात आले. १९ मे रोजी सुमारे तीनशे रहिवाशांना बाहेर काढण्यात आले. २८ मे रोजी बिर्च हिमनदी, तीवर आधीच कोसळलेल्या दरडींच्या भारासह, गावावर येऊन पडली आणि जवळजवळ सारे गाव गाडले गेले. नदीचे पात्र अडून तेथे सरोवर साचले. या घटनेत एक मनुष्य दगावला. गाव वाचविणे शक्य नव्हते; पण माणसे वाचली, याचे श्रेय सतत चाललेल्या मोजमापास आणि वेळीच घेतलेल्या निर्णयास द्यावे लागते. १८१८ साली व्हेनेट्झच्या हाती कुदळी, फावडी आणि स्वतःची निरीक्षणे एवढीच साधने होती. आज उपग्रह, रडार व स्वयंचलित कॅमेरे हाताशी आहेत. तरी डोंगरावर नजर ठेवण्याचे काम तेच आहे.

हिमालयाच्या दऱ्यांतूनही असाच प्रश्न उभा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनक हे हिमसरोवर फुटले आणि तिस्ता नदीच्या पुराने चुंगथांग येथील धरण वाहून नेले. डोंगर, दगड आणि हवामान निराळे असले, तरी बर्फ, पाणी व गाळ यांच्या हालचालीचे नियम दोन्हीकडे सारखेच आहेत. लूर्तिएच्या सुताराने खडकावरील ओरखडे पाहून जे ओळखले, ते विद्वानांच्या गळी उतरण्यास दोन दशके लागली. डोंगरात राहणाऱ्यांनी पाहिलेले आणि शास्त्रज्ञांनी मोजलेले जेव्हा एकत्र येते, तेव्हा अशा खोऱ्यांत राहणे अधिक सुरक्षित होते.